बाराव्या वर्षाची पुस्तके

दहाव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंतचा काळ हा वाचणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत उदार काळ होय, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्यापूर्वी मूल गोष्ट ऐकते, चित्रे पाहते, राजाला राण्या किती होत्या आणि राक्षसाचा प्राण कोणत्या पोपटात होता एवढ्या चौकशीवर तृप्त होते. त्यानंतर तरुण वाचक लेखकाशी वाद घालू लागतो, शैलीची पारख करू लागतो, आणि आपण काय वाचतो हे चार मित्रांना कळावे अशी थोडी आकांक्षाही त्याच्या वाचनात मिसळते. परंतु या दोन अवस्थांच्या मधली जी तीन-चार वर्षे असतात, त्यांत पुस्तक हाती घेतलेले मूल काहीही राखून न ठेवता आपले सर्वस्व त्या पुस्तकाला देऊन टाकते. जेवणासाठी मारलेल्या हाका त्याला ऐकू येत नाहीत, दिवेलागण झाली तरी ते खिडकीकडे सरकत सरकत उरल्या उजेडात अक्षरे लावीत राहते, आणि कादंबरीतला कुत्रा मेला तर घरातले माणूस गेल्यासारखे ते दोन दिवस गप्प असते. ज्या वयात मनुष्य इतक्या विश्वासाने स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो, त्या वयात त्याच्या हाती कोणते पुस्तक पडावे हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर कोणी परिचित गृहस्थ किंवा भगिनी मला विचारतात, की आमच्या मुलाला, आमच्या मुलीला यंदा वाचायला काय द्यावे, तेव्हा उभ्या उभ्या दोन नावे सांगून त्यांची बोळवण करणे मला जमत नाही.

विचारणाऱ्यांच्या मनात काही अपेक्षा बहुधा आधीपासूनच मुक्कामाला आलेल्या असतात. एकाला मुलाची भाषा सुधारावी असे वाटते, दुसऱ्याला त्याच्यावर चांगले संस्कार हवे असतात, तिसऱ्याला त्याच्या ज्ञानात पडेल तेवढी भर पाडून घ्यायची असते. या अपेक्षा गैर आहेत असे मी म्हणत नाही. आईबापांनी त्या बाळगाव्यात हे स्वाभाविकच आहे. तथापि कादंबरीची शिफारस करताना मी या तिन्ही गोष्टी बाजूस ठेवतो आणि एकच पाहतो: या पुस्तकात असा एखादा प्रसंग आहे काय, की जेथे मुलाला आपला निर्णय आपणच करावा लागतो, आणि त्याच्या वतीने तो करण्याचा अधिकार आईला, बापाला, मास्तरांना, कोणालाही उरलेला नसतो? दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा सारा बंदोबस्त मोठ्यांच्या हाती असतो. त्याने कोणत्या शाळेत जावे, काय ल्यावे, कधी निजावे, कोणाशी खेळावे, हे इतर ठरवतात, आणि त्या वयात ते तसे असणे इष्टही असते. पण त्याच वयात त्या मुलाला अंधुकपणे उमगू लागलेले असते, की हा बंदोबस्त कायमचा नाही. कधीतरी एखाद्या गोष्टीपुढे आपण एकटेच उभे असू, आणि तेव्हा घरातल्या कोणालाही हाक मारता येणार नाही. ही जाणीव तो कोणापाशी बोलून दाखवीत नाही, कारण ती बोलण्याइतके शब्दच त्याच्यापाशी नसतात. ती त्याला आपल्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या अंतःकरणात, छापील पानावर दिसली, तर त्याला जो धीर येतो तो उपदेशाच्या दहा पुस्तकांनी येत नाही. ज्या कादंबरीत ऐन वेळी कोणी काका किंवा कोणी पोलीस अंमलदार अवतरून मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरवून घेतो, ती त्याचे मनोरंजन करील. पण तो पुन्हा तिच्याकडे वळणार नाही.

मराठी घरात या यादीचा आरंभ 'श्यामची आई'ने होतो, आणि तो तसाच व्हावा असे माझे मत आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारागृहात अवघ्या काही दिवसांत या पुस्तकाचा बराचसा भाग लिहून काढला, आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याला काटेकोर अर्थाने कादंबरी म्हणावे काय, हा प्रश्न पंडितांनी सोडवावा. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्रींची ती कथा आहे, आणि अकरा वर्षांच्या वाचकाला ती कादंबरीच वाटते. या पुस्तकावर कित्येक वर्षे एक आक्षेप घेतला जातो, की ते रडवे आहे, त्यात उपदेश फार आहे, आजच्या मुलांना ते रुचणार नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी ते चाळिसाव्या वर्षी पुन्हा उघडलेले असते. चाळिसाव्या वर्षी डोळ्यांत भरतो तो उपदेश. अकराव्या वर्षी मनात भरते ती भीती. पोहायला जायचे नाही म्हणून लपून बसलेला श्याम आणि हाती काठी घेऊन त्याला बाहेर काढणारी आई, सावकाराचा तगादा, जप्तीची गावभर पिटली जाणारी दवंडी आणि ती ऐकताना घरात कोंडलेली लाज, या गोष्टी मुलाला कोणी समजावून द्याव्या लागत नाहीत. घरातल्या मोठ्यांची अब्रू जाताना पाहणे म्हणजे काय, हे मुलांना आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक कळते; फक्त त्याविषयी त्यांच्याशी कोणी बोलत नाही, आणि साने गुरुजी बोलतात.

त्याच पुस्तकात वाटेवर पडलेली लाकडांची मोळी एका महार म्हातारीला उचलवत नाही तो प्रसंग आहे. आई श्यामला सांगते, की जा, तिला मोळी उचलू लाग, आणि मग येऊन स्नान कर. गावाच्या देखत ती मोळी उचलण्याचे काम मात्र त्याचे एकट्याचे आहे. आई तेथे नाही, आहेत ते पाहणारे लोक. आजचे मूल हा प्रसंग वाचून हमखास विचारते, की मग स्नान कशाला? हा प्रश्न आला म्हणजे पुष्कळ पालक ओशाळतात आणि विषय बदलतात. तसे करू नये. त्या काळच्या एका सदय बाईलाही रूढीची कोणती रेघ ओलांडता आली आणि कोणती आली नाही, हे मुलाला सरळ सांगावे. बारा वर्षांच्या मुलाला न्यायाची चाड मोठ्या माणसापेक्षा तीव्र असते, आणि आईच्या थोरवीत आणि तिच्या मर्यादेत एकाच वेळी वावरायला ते सहज शिकते. शेवटी तर या पुस्तकाने मुलाला काहीच सवलत दिलेली नाही: श्याम शिक्षणासाठी दूर असताना आई जाते, आणि तो घरी पोचतो तेव्हा उरलेली असते ती राख. लेखकाच्या मनात आले असते तर त्याला मुलाला एक दिवस आधी पोचवता आले असते. पण जीवनात जे घडले त्याच्याशी त्याने दगा केला नाही, आणि म्हणूनच वाचणाऱ्या मुलाचा त्याच्यावर विश्वास बसतो.

'श्यामची आई' संपवलेल्या मुलाच्या हाती मी लगेच दुसरे गंभीर पुस्तक देत नाही, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे देतो. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, अंगाने काटकुळा, पायाने चपळ, सायकलवर स्वार झाला की हाती न लागणारा, आणि काही विलक्षण दिसले की जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा हा बनेश फेणे प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, चिंपांझीच्या भानगडीत सापडतो, आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्यांच्या नजरेतून निसटलेली एखादी बारीक खूण प्रथम त्याच्याच ध्यानात येते. काही विद्वान स्नेही मला म्हणतात, की ही निव्वळ करमणूक आहे. माझे त्यांना सांगणे असे, की बारा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत शंभर पाने वाचण्याचा दम येण्यासाठी दुसरा उपाय नाही; आणि तो दम आलेला नसेल तर पुढची मोठी पुस्तके त्याच्यासाठी कपाटातच राहतात. शिवाय भागवतांनी या मालेतल्या जवळजवळ वीस पुस्तकांत एक पथ्य पाळले आहे, त्याची मला फार किंमत वाटते. फेणेचे शौर्य उठून दिसावे म्हणून त्यांनी मोठ्या माणसांना मूर्ख केले नाही; मोठी माणसे आपापल्या कामात गुंतलेली आहेत एवढेच, आणि एकटा मुलगा तेवढ्यात जे पाहतो त्याची जोखीम त्याला स्वतःला घ्यावी लागते. याच कारणासाठी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदाही मी सांगतो. अशोक जैन यांनी तो मराठीत चांगला आणला आहे, आणि त्या कथा सांगणारा तोपसे हा वाचकाच्याच वयाचा असल्यामुळे हुशार माणसाच्या शेजारी बसून आपले काय काय पाहायचे राहिले, ही जी चुटपुट त्या वयात मुलांना सदैव लागलेली असते, ती तेथे हुबेहूब उतरली आहे.

आता ज्या कादंबरीसाठी मी हे सारे लिहावयास बसलो, तिच्याकडे येतो. मार्जरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची 'द यर्लिंग' ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 'सत्यकथा'चे साक्षेपी संपादक राम पटवर्धन यांनी तिचा 'पाडस' या नावाने जो अनुवाद केला, तो मराठी भाषेला लाभलेल्या मोठ्या अनुवादांपैकी एक आहे. परदेशातल्या अरण्यातली, परक्या रीतीची माणसे त्यात बोलतात, आणि तरी वाचताना वाक्य कोठेही अडखळत नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून काही वर्षे लोटलेली आहेत. फ्लॉरिडातल्या झुडुपी रानात बॅक्स्टर नावाचे एक गरीब कुटुंब मका, रताळी आणि शिकार यांवर तग धरून आहे. आईची पुष्कळ मुले लहानपणीच गेली, उरला तो ज्योडी. बाप पेनी हा चणीने लहान, पण रानाचे ज्ञान आणि माणुसकी यांत त्या मुलखात त्याची बरोबरी नाही. एके दिवशी पेनीला विषारी साप चावतो. तो जवळच दिसलेल्या हरिणीला गोळी घालतो आणि तिचे काळीज दंशावर लावून विष शोषून घेतो. तो जगतो, हरिणीचे पाडस मात्र आईवाचून रानात पडून राहते.

येथे ज्योडी जे करतो ते पाहण्यासारखे आहे. तो हट्ट करीत नाही, न्यायाचा दाखला देतो. हरिणीचा जीव घेऊन आपण वाचलो, तेव्हा तिच्या पोराला उपाशी मरू देणे हे कृतघ्नपणाचे होईल, असा त्याचा दावा आहे, आणि तो मोठ्यांना मान्य करावा लागतो. पाडस घरी येते, वाढते, ज्योडीच्या सोबतीला असते, आणि एका वर्षात त्याचे धिप्पाड हरिण होते. त्या वर्षाचे जे वर्णन आहे, पूर आणि त्यामागून आलेली रोगराई, कुप्रसिद्ध म्हाताऱ्या अस्वलाचा पाठलाग, शेजारच्या दांडग्या कुटुंबातला तो अपंग, प्राण्यांवर जीव टाकणारा मुलगा आणि त्याचा मृत्यू, त्यातले एक पानही अनावश्यक नाही, कारण हे सारे प्रेमाच्या खात्यावर जमा होत असते. मग मक्याचे कोवळे कोंब निघतात, आणि हरिण ते खाऊन टाकते. पुन्हा पेरतात, कुंपण उंच करतात. ते पुन्हा खाते. मका नसेल तर त्या घरातली तीन माणसे उपाशी राहणार आहेत, यात काडीचा संशय नाही. बाप अंथरुणाला खिळलेला आहे, आणि तो मुलाला सांगतो, की हरिणाला रानात ने आणि गोळी घाल.

माझी एक भाची ही कादंबरी वाचत होती तेव्हा मक्याचे कोंब पहिल्यांदा खाल्ले गेले तेथेच तिने पुस्तक मिटून फळीवर ठेवले. पुढे काय होणार हे तिला कळले होते, आणि आपण वाचले नाही तर ते होणार नाही अशा निश्चयाने तिने ते तेथे ठेवले होते. घरातल्या कोणी तिला त्याविषयी विचारू नये एवढी खबरदारी मी घेतली. पुष्कळ दिवसांनी, कोणाला न सांगता, तिने ते पुन्हा उघडले आणि शेवटपर्यंत वाचले. त्या मधल्या दिवसांत तिने जे केले ते वाचनच होते, असे मी मानतो. किंबहुना त्या कादंबरीचे सर्वांत खरे वाचन तेच असावे. ज्योडीलाही ती आज्ञा पाळवत नाही. आई बंदूक उचलते, तिचा नेम चुकतो, हरिण जखमी होऊन तडफडते, आणि शेवटची गोळी त्या मुलालाच घालावी लागते. तो बापाचा द्वेष करीत घरातून पळून जातो, भुकेने अर्धमेला होतो, आणि भूक म्हणजे काय ते अंगावर घेतल्यावर घरी परततो. तेव्हा बाप त्याच्याशी प्रथमच एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाशी बोलावे तसा बोलतो. दोघेही बरोबर आहेत आणि तरी हरिण मेले आहे, हे सत्य बारा वर्षांच्या मुलाला झेपणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आपले बारावे वर्ष आठवून पाहावे.

ही कादंबरी संक्षिप्त करून देऊ नये. मुलांसाठी म्हणून मोठ्या कादंबऱ्यांच्या शंभर-सव्वाशे पानांच्या आवृत्त्या काढण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यामागे हेतू चांगला असला तरी परिणाम घातक आहे. संक्षेप करणारा प्रथम ऋतू कापतो, मग रानातली वाट कापतो, मग स्वयंपाक, शेतकाम, संध्याकाळची रिकामी गप्पाष्टके कापतो, आणि हाती ठेवतो ते एकामागून एक घडणारे प्रसंग. पण ती गोळी जड होते ती त्या वर्षभराच्या रिकाम्या संध्याकाळींमुळे. पाडसाबरोबर वाचकाने स्वतः वर्ष काढले नसेल, तर शेवटी जे मरते ते कोणीच नसते. मूल थकले तर थकू द्यावे, पाने गाळून वाचले तर वाचू द्यावे. गाळण्याचा हक्क त्याचा आहे, प्रकाशकाचा नव्हे.

'पाडस'नंतर, किंवा मुलाचा कल पाहून तिच्याआधी, शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' मी सांगतो. लुइझा मे अल्कॉटची मूळ कादंबरी १८६८ सालची. बाप युद्धावर गेलेल्या घरातल्या चार बहिणी, मेग, ज्यो, बेथ आणि एमी, यांची ती कथा. ही मुलींची कादंबरी म्हणून मुलग्यांना ती देण्याची चाल नाही, ही गोष्ट मला फार खटकते, कारण संतापाविषयी इतके प्रामाणिक लिहिलेले पुस्तक मुलग्यांना दुसरे क्वचितच मिळेल. धाकटी एमी रागाच्या भरात ज्योने लिहिलेली वही जाळून टाकते. ज्यो तिला क्षमा करीत नाही. आणि नदीवरचे बर्फ मध्यभागी ठिसूळ झाले आहे हे ठाऊक असून ती बहिणीला सावध करीत नाही. एमी पाण्यात पडते, वाचते. त्या रात्री ज्योला जे कळते ते तिला कोणी शिकवलेले नसते: आपल्या हातून एखाद्याचा जीव जाऊ शकतो, केवळ गप्प राहण्याने. आजारी बापाकडे जाण्यासाठी आईला पैसे हवेत म्हणून केस विकून येणारी ज्यो सर्वांच्या लक्षात राहते. मला तिच्याहून ती बर्फावरची ज्यो मोठी वाटते. शांताबाईंनी या चौघींना मराठीत आणले ते त्यांचा परकेपणा न पुसता, आणि तरी त्या मराठी घरात सहज नांदतात.

प्रकाश नारायण संत यांच्या लंपनविषयी थोडे संकोचानेच लिहितो, कारण 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे कथासंग्रह आहेत, कादंबऱ्या नव्हेत, आणि ते मुलांसाठी लिहिलेलेही नाहीत. पण चारही पुस्तके ओळीने वाचली असता एकच मुलगा हळूहळू वाढताना दिसतो. इंदिरा संतांचे हे चिरंजीव कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत असत, आणि खडकाचे थर वाचण्याची ती सवय त्यांच्या गद्यात उतरली असावी असे मला वाटते, इतक्या सावकाश ते एकेका दुपारचे पदर उलगडतात. लंपन आईबापांपासून दूर, बेळगावकडच्या एका गावात, आजीआजोबांपाशी राहतो. त्याला कोणी छळत नाही. सारे त्याच्यावर प्रेमच करतात. आणि तरीही त्याला जे एकटेपण जाणवते, ते प्रेमाच्या घरातले एकटेपण आहे, आणि सुखवस्तू घरातल्या मुलांना हेच एकटेपण ओळखीचे असते. कानडीच्या शेजारात घडलेल्या त्याच्या बोलीतले काही शब्द प्रथम अडतील. ते अर्थ सांगून सोडवून देऊ नयेत, दहा पानांत मूल ते आपोआप बोलू लागते. या पुस्तकांसाठी घाई नाही. काही मुलांना त्यांत काहीच घडत नाही असे वाटते. त्यांनी ती दोन वर्षांनी वाचावीत.

घराघरांतून बारा वर्षांच्या मुलाला 'मृत्युंजय' देण्याची रीत आहे. शिवाजी सावंतांची ही १९६७ सालची कादंबरी कर्णाची कथा सहा जणांच्या तोंडून सांगते, आणि एकच घटना सहा ठिकाणांहून निरनिराळी दिसते हे ज्ञान त्या वयात होणे मोलाचे आहे. तरी माझा अनुभव असा, की बाराव्या वर्षी मुले कर्णाची वकिली तेवढी उचलतात आणि बाकीच्या पाच साक्षी विसरतात. दोन वर्षे थांबावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' मात्र मी निःशंकपणे देतो. वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा त्यांनी एका शब्दाचेही भाष्य न करता मांडला आहे, आणि मुले भाष्यावाचून वाचायला आपल्यापेक्षा तयार असतात.

तेराव्या वर्षाच्या उंबऱ्यावर दोन पुस्तके मी राखून ठेवलेली असतात. पहिले आनंद यादव यांचे 'झोंबी'. १९८७ सालच्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कागलचा एक मुलगा शाळेसाठी बापाशी झगडतो. बापाने त्याला शाळेतून काढून मळ्यात जुंपले आहे. आईला बरोबर घेऊन तो गावातल्या दत्ताजीराव सरकारांकडे जातो, त्यांनी बापाला बोलावून कानउघाडणी करावी आणि आम्ही येथे आलो होतो हे मात्र त्याला सांगू नये, अशी त्यांना गळ घालतो. आणि बाप शेवटी शाळेची परवानगी देतो ती अटींवर, की शाळेच्या वेळेपर्यंत मळ्यात पाणी पाजायचे, शाळेतून आल्यावर गुरे राखायची, आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा नाही. एका मुलाने केलेली ही मसलत, हा तह, हा करार वाचताना शहरातल्या मुलाला प्रथमच कळते, की ज्या शाळेला जायचा आपल्याला कंटाळा येतो ती मिळवण्यासाठी कोणाला तरी एवढी मुत्सद्देगिरी करावी लागली. पुस्तकात मारहाण आहे, शिव्या आहेत, दारिद्र्याचे कसलेही सजवलेले चित्र नाही. आईबापांनी आधी स्वतः वाचावे, आणि मग द्यावे. वाचलेले असले की मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता येते.

दुसरे माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. १९५५ साली आलेली ही लहानशी कादंबरी मुलांसाठी नाही असे सर्व जण म्हणतात, आणि तिच्यात लहान मूल नायकही नाही. पण औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक होऊन आलेला तो राजाराम मास्तर स्वतःच नुकता पोरपणातून बाहेर पडलेला आहे. शाळेत मुले नाहीत, कारण मेंढरे कोणी राखायची? तो कागदपत्रे वाचून दाखवतो, अर्ज लिहून देतो, भांडणात पडतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, गमावतो, पुन्हा मिळवतो, आणि वाडीच्या श्रमातून तालीम उभी करतो. मग पाऊस दगा देतो, आणि जी माणसे त्याने जोडली ती एकेक करून वाडी सोडून जाऊ लागतात. इतर सर्व कादंबऱ्यांत मुलाला मोठ्यांवाचून उभे राहावे लागते. येथे वाचक प्रथमच पाहतो, की मोठी माणसे एका कोवळ्या तरुणाच्या तोंडाकडे पाहत उभी आहेत आणि त्याच्यापाशी उत्तर नाही. तेराव्या वर्षापुढची वाट यातूनच जाते. माडगूळकरांची वाक्ये लहान आणि स्वच्छ असल्याने भाषेची अडचण मुळीच पडत नाही.

ही यादी करताना एक उणीव मला दरवर्षी सलते. मराठीत मूळ लिहिलेल्या, मुलगी हीच जिची नायिका आहे आणि तिच्यापुढे ज्योडीएवढा किंवा श्यामएवढा जड प्रसंग उभा आहे, अशा बारा वर्षांच्या वाचकाच्या कादंबऱ्या शोधू लागलो की हात रिकामे राहतात. ताम्हनकरांनी 'गोट्या'बरोबर 'चिंगी'ही लिहिली होती. पण ती वाट पुढे फारशी रुंद झाली नाही. कोकणातल्या कोळीवाड्यातली, मेळघाटातली, ऊसतोडीच्या तांड्याबरोबर हिंडणारी मुलगी आपल्या कादंबरीची वाट पाहत आहे. ती लिहिली जाईपर्यंत मी मुलींना ज्यो देतो आणि ज्योडीही देतो, आणि मुलग्यांनाही दोन्ही देतो.

पुस्तक दिल्यानंतर त्याचा हिशेब मागू नये, त्यावर चार ओळी लिहून आण असे सांगू नये, आवडले का असेही लगेच विचारू नये. ते मूल केव्हातरी भलत्याच गोष्टीच्या ओघात त्या पुस्तकातले एक नाव घेईल, तेव्हा बोलावे. आणि एक विनंती वाचनालयांच्या व्यवस्थापकांना करायची आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या पुष्कळ वाचनालयांत बालविभाग निराळा असतो. त्याची वर्गणी कमी असते, आणि त्या कपाटात पातळ, चित्रांची पुस्तके असतात. मी वर जी नावे घेतली त्यांपैकी बहुतेक कादंबरीच्या कपाटात, मोठ्यांच्या विभागात लावलेली सापडतात, आणि बालविभागाचे कार्ड घेऊन आलेल्या मुलाला ती मिळत नाहीत. दहा वर्षांपुढच्या सभासदाला 'पाडस', 'चौघीजणी', 'वनवास' आणि 'बनगरवाडी' बालविभागाच्याच कार्डावर द्यावीत, एवढा ठराव कार्यकारी मंडळाच्या पुढल्या सभेत करून घ्यावा. अनामतीच्या रकमेची हरकत असेल, तर ती रक्कम पालकांनी भरावी.